दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५, डहाणू – १९८६, देवळाली) हे मराठी गणिती आणि शालेय शिक्षक होते. पूर्णांक संख्यांच्या अंकांमध्ये दडलेले गुणधर्म शोधणे हे त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र होते. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक', तसेच कापरेकर संख्या, डेम्लो संख्या, देवळाली किंवा स्वयंभू संख्या आणि हर्षद संख्या या त्यांच्या संकल्पना संख्याशास्त्रात आणि मनोरंजक गणितात रूढ झाल्या आहेत. पदवीपलीकडचे औपचारिक शिक्षण, विद्यापीठातील पद किंवा गणकयंत्र यांपैकी काहीही हाताशी नसताना त्यांनी पंचवीस अंकी संख्येपर्यंतचे निष्कर्ष मिळवले. आयुष्याचा मोठा भाग देशातील गणितज्ञांकडून ते उपेक्षित राहिले. १९७५ नंतर त्यांच्या कामाला जगभर ओळख मिळाली.

जन्म आणि शिक्षण

कापरेकर यांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आईचे निधन झाले आणि वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते व त्यांना फलज्योतिषाची आवड होती. पत्रिका मांडण्यासाठी लागणारी आकडेमोड घरात नित्याची असल्याने मुलाला लहान वयातच हिशेबाची गोडी लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. शाळेत असताना संख्यांची कोडी सोडवण्यात ते तासन् तास रमत असत.

१९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. विद्यार्थ्याच्या स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक त्यांना १९२७ मध्ये मिळाले. १९२९ मध्ये ते विज्ञान शाखेची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही.

देवळालीतील अध्यापन

पदवीनंतर कापरेकर नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे जवळजवळ सर्व संशोधन नोकरी सांभाळून, फावल्या वेळात झाले. गणित परिषदांना ते आवर्जून उपस्थित राहत आणि तेथे आपले निष्कर्ष मांडत. महाविद्यालयांच्या निमंत्रणावरून विद्यार्थ्यांपुढे संख्यांच्या गमतीजमतींवर व्याख्यानेही देत. लेखन प्रसिद्ध करणे मात्र सोपे नव्हते. त्यांचे बरेचसे काम कमी प्रसाराच्या नियतकालिकांत आले किंवा त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांच्या रूपाने लोकांपर्यंत पोहोचले. यांतील अनेक पुस्तिकांवर प्रकाशनस्थळ म्हणून देवळालीचेच नाव आहे.

डेम्लो संख्या

डोंबिवली हे मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचे, तत्कालीन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरील स्थानक. त्याच्या 'डेम्लो' या जुन्या नावावरून कापरेकर यांनी संख्यांच्या एका प्रकाराला नाव दिले, कारण या संख्यांचा विचार त्यांना तेथे सुचला होता. केवळ १ या अंकाच्या पुनरावृत्तीने बनलेल्या संख्यांचे वर्ग ही त्यांची सर्वांत परिचित उदाहरणे होत. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. हा क्रम नऊ एकांपर्यंत टिकतो. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. अंक चढत जाऊन ९ ला पोहोचतात आणि त्याच क्रमाने उतरतात. दहा एक घेतल्यावर हातचे येऊ लागतात आणि ही सममिती मोडते. या विषयावरील त्यांचे लेखन १९३८ पासून प्रसिद्ध होऊ लागले. के. आर. गुंजीकर यांच्यासह लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धान्तावरील लेख १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

कापरेकर स्थिरांक

१९४६ मध्ये कापरेकर यांना ६१७४ या संख्येचा गुणधर्म आढळला. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकातील लेखात मांडला.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून होणाऱ्या संख्येतून ते चढत्या क्रमाने लिहून होणारी संख्या वजा करावी. उत्तराला पुन्हा हीच क्रिया लावावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि मग ७६४१ − १४६७ = ६१७४ असल्याने ती बदलत नाही. उदाहरणार्थ, कापरेकर यांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

या संख्येला सातही पायऱ्या लागतात. क्रियेमागचे कारण बीजगणिताने स्पष्ट होते. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकीचे उत्तर ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) इतके असते. म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, उत्तर केवळ दोन फरकांवर ठरते. अशा फरकांच्या जोड्या ५४ च आहेत. त्यामुळे सर्व चार अंकी संख्या पहिल्याच पायरीत फार तर ५४ उत्तरांत गोळा होतात. उदाहरणार्थ, १९४६, १९७५ आणि १९८६ या तिन्ही संख्यांत पहिला फरक ८ आणि दुसरा २ असल्याने तिघींचे पहिले उत्तर ८१७२ हेच येते.

तीन अंकी संख्यांसाठी असाच स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्यांना एक स्थिरांक नाही; त्या ८१, ६३, २७, ४५, ०९ या चक्रात फिरत राहतात. पाच अंकांतही स्थिरांक नाही. उदाहरणार्थ, ५३९५५ आणि ५९९९४ एकमेकांना आलटून पालटून जन्म देतात. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या आहेत. ६१७४ मध्ये ३ आणि ६ हे अंक योग्य जागी घातल्यास ६३१७६४, पुढे ६३३१७६६४ आणि त्यानंतर ६३३३१७६६६४ अशा स्थिर संख्यांची मालिका मिळते. ती कितीही लांबवता येते.

कापरेकर संख्या

एखाद्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग करून त्यांची बेरीज केली असता मूळ संख्याच परत येत असेल, तर तिला कापरेकर संख्या म्हणतात. उजव्या भागातील अंक मूळ संख्येच्या अंकांइतके घेतात. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. आवर्ती दशांशांमुळे परिचित असलेली १४२८५७ ही संख्याही याच कुळातील आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ असून २०४०८ + १२२४४९ = १४२८५७ होतात.

या संख्यांच्या जोड्या जमतात. ४५ आणि ५५ मिळून १००, २९७ आणि ७०३ मिळून १०००, २२२३ आणि ७७७७ मिळून १०००० होतात. संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांच्या गुणाकाराला ९९, ९९९, ९९९९ अशा संख्येने नि:शेष भाग जातो हे यामागचे मूळ कारण आहे. डग्लस इयानुची यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात कापरेकर संख्यांचा या नवांच्या संख्यांच्या विशिष्ट विभाजकांशी असलेला नेमका संबंध सिद्ध केला.

डेम्लो संख्यांची सममिती जेथे मोडते तेथेच कापरेकर संख्येचे एक मोठे उदाहरण मिळते. दहा एकांच्या ११११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. त्याचे डावे नऊ अंक १२३४५६७९० आणि उजवे दहा अंक ०९८७६५४३२१ यांची बेरीज पुन्हा ११११११११११ येते.

देवळाली संख्या आणि पंचवीस अंकी संख्या

कापरेकर यांच्या कामातील सर्वांत मोठ्या संख्या एका अगदी साध्या क्रियेतून आल्या. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ मध्ये २ + ३ मिळवले की २८ मिळतात, २८ पासून ३८, ३८ पासून ४९. येथे २३ ही २८ ची जनक संख्या होय. काही संख्यांना जनकच नसतो. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ या अशा पहिल्या संख्या आहेत. त्यांना कापरेकर यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असे नाव दिले. त्या स्वयंभू संख्या या नावानेही ओळखल्या जातात. या विषयावरची त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये देवळालीतून प्रसिद्ध झाली.

याच्या उलट, काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात. दोन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १०१ आहे. ९१ + ९ + १ = १०१ आणि १०० + १ = १०१. तीन जनक असलेल्या सर्वांत लहान संख्येपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र थेट दहा लाख कोटींच्या पुढे जावे लागते. ती संख्या १,००,००,००,००,००,००१ ही आहे. तिचे जनक १,००,००,००,००,००,०००. ९९,९९,९९,९९,९९,९०१ आणि ९९,९९,९९,९९,९९,८९२ हे होत. त्यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे १, १०० आणि १०९ आहे.

चार जनक असलेली सर्वांत लहान संख्या कापरेकर यांनी १९६१ मध्ये शोधली. ती पंचवीस अंकी आहे. १ या अंकापुढे एकवीस शून्ये आणि अखेरीस १०२ असे तिचे रूप आहे. भारतीय परंपरेतील अठरा स्थानांच्या यादीतले शेवटचे नाव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्ये. ही संख्या त्याच्याही कितीतरी पुढची आहे. एकेक संख्या तपासत येथवर पोहोचणे वेगवान यंत्रालाही शक्य नाही. अंकांच्या बेरजेची रचना समजली, तर मात्र ही संख्या कागद-पेन्सिलीने पडताळता येते.

एकावर चोवीस शून्ये असलेली संख्या हा येथील उंबरठा मानला, तर दोन जनक त्याच्या पुढे आणि दोन त्याच्या अलीकडे आहेत. पुढच्या बाजूला उंबरठ्यात जी लहान संख्या मिळवायची, ती अधिक तिच्या अंकांची बेरीज १०१ झाली पाहिजे, कारण उरलेला १ उंबरठ्याचा स्वतःचा अंक पुरवतो. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेतच. अलीकडच्या बाजूला चोवीस अंकी संख्या आहेत. सर्व अंक ९ असलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज २४ × ९ म्हणजे २१६. तिच्यातून लहान संख्या, हातचा न घेता, वजा केली की अंकांची बेरीज त्या लहान संख्येच्या अंकांच्या बेरजेइतकी घटते. हिशेब मांडल्यावर लहान संख्या अधिक तिच्या अंकांची बेरीज ११३ असावी लागते. ११३ लाही ९७ आणि १०६ असे दोन जनक आहेत. अशा रीतीने तीन अंकी दोन संख्यांचे जनक एकत्र येऊन पंचवीस अंकी संख्येचे चार जनक बनतात. शोधाचे महत्त्व आकड्याच्या आकारापेक्षा या रचनेत आहे.

हर्षद संख्या

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला कापरेकर यांनी १९५५ मध्ये हर्षद, म्हणजे हर्ष देणारी, असे संस्कृत नाव दिले. १७२९ च्या अंकांची बेरीज १९ आणि १७२९ = १९ × ९१. कापरेकर स्थिरांक ६१७४ ही देखील हर्षद संख्या आहे. तिच्या अंकांची बेरीज १८ असून भागाकार ३४३ म्हणजे ७ चा घन येतो. अमेरिकेत या संख्या आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधील व्याख्यानानंतर निव्हेन संख्या या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. लागोपाठच्या एकवीस संख्या हर्षद असू शकत नाहीत, वीस मात्र असू शकतात, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले. त्यांनी रचलेल्या अशा वीस संख्यांच्या गटांतील सर्वांत लहान गटातील संख्याही ४,४३६ कोटींहून अधिक अंकांच्या आहेत.

उपेक्षा आणि मान्यता

कापरेकर यांच्या कामाकडे भारतातील अनेक गणितज्ञ क्षुल्लक म्हणून पाहत आणि परिषदांमध्ये त्यांची थट्टाही होई. या भूमिकेमागे त्या काळची एक गणिती धारणाही होती. संख्येचे अंक हे ती दशमान पद्धतीत लिहिल्यामुळे दिसतात. पद्धत बदलली की अंकही बदलतात. म्हणून अशा गुणधर्मांना खोल अर्थ नसतो, असे मानले जाई. इंग्रज गणिती गॉडफ्रे हार्डी यांनी १९४० मधील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या, उलट लिहिलेल्या संख्येच्या पटीत असणाऱ्या, चार अंकी संख्यांचे उदाहरण घेऊन असे निष्कर्ष कोड्यांच्या सदरापुरते ठीक असल्याचे मत मांडले होते. श्रीनिवास रामानुजन यांची प्रतिभा ओळखणाऱ्या हार्डी यांच्या मताला भारतीय गणितज्ञांत वजन होते.

हा आक्षेप पूर्णपणे निराधार नव्हता. ६१७४ चे वैशिष्ट्य दशमान पद्धतीपुरतेच आहे. मात्र कापरेकर यांच्या क्रिया कोणत्याही मानपद्धतीत करता येतात, आणि कोणत्या पद्धतीत किती अंकांना स्थिरांक मिळतो, कोठे चक्र येते, हे प्रश्न सर्वसाधारण स्वरूपाचे आहेत. पुढील पिढ्यांतील संशोधकांनी त्यांचा याच दिशेने विस्तार केला.

मान्यता बाहेरून आली. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील गणिती खेळांच्या आपल्या सदरात मार्च १९७५ मध्ये कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. या सदराला जगभर मोठा वाचकवर्ग होता. त्यानंतर स्वयंभू संख्या आणि ६१७४ यांवर अनेक देशांत लेखन सुरू झाले. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते आणि ६१७४ चा गुणधर्म सापडून एकोणतीस वर्षे झाली होती.

अखेरची वर्षे

१९६६ मध्ये कापरेकर यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने, अत्यंत काटकसरीने राहूनही, त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. संख्यांवरील काम त्यांनी थांबवले नाही. जगभर नाव झाल्यानंतरही ते देवळालीतच राहिले आणि १९८६ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

स्वयंभू संख्यांच्या वितरणाचा अभ्यास त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. इटालियन गणिती उंबेर्तो झानिएर यांचा या विषयावरील शोधनिबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. कापरेकर क्रिया आज शाळांतील गणित मंडळांत आणि संगणक आज्ञावली शिकवताना सरावाचे उदाहरण म्हणून वापरली जाते. ती करून पाहण्यासाठी वजाबाकीपलीकडचे ज्ञान लागत नाही. तिचे कारण शोधू जाता मात्र विद्यार्थी बीजगणित आणि विभाज्यतेपर्यंत पोहोचतो. डोंबिवली आणि देवळाली या मध्य रेल्वेच्या मार्गावरील दोन ठिकाणांची नावे कापरेकर यांच्यामुळे गणिताच्या परिभाषेत कायमची नोंदली गेली आहेत.